डावीकडे पैकीच्या पैकी

आमच्या इमारतीत माझ्या समोरच्या दारात एक डॉक्टरीणबाई राहतात. त्यांना कोणी डॉक्टरीणबाई म्हणत नाही, बहुधाबाई म्हणतात. तोंडावर नाही, जिन्यात. हे नाव कोणी ठेवलं असं विचारलंत तर मी विषय बदलेन.

बाईंचं काम सोनोग्राफीचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून त्यांची खोली आहे. आत कायम अंधार, कायम गारठा, आणि एका पडद्यामागे रिपोर्ट टाइप करणाऱ्या मावशी शाल पांघरून बसलेल्या. छातीत गाठ लागली की बायका तिथे जातात, जीव मुठीत धरून. बहुधाबाई त्यांच्या अंगावर गार जेली ओततात, साबणाच्या वडीएवढं यंत्र त्यावरून फिरवतात आणि पडद्यावरच्या करड्या ढगांकडे डोळे बारीक करून बघत राहतात. तुम्हाआम्हाला त्यात ढगच दिसणार. त्यांना गाठ दिसते, तिची कड दिसते, तिच्या मागची सावली दिसते, आणि ही गाठ साधी की कॅन्सरची हे त्या सांगतात.

सांगतात म्हणजे लिहितात. तोंडाने सांगायचं त्यांच्या जिवावर येतं. आणि लिहितात तेही असं, की बाईंनी गाठीचं वकीलपत्र घेतलंय की काय असं वाटावं. 'निरुपद्रवी असण्याची शक्यता अधिक, तथापि अन्य शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.' हे वाचून बाहेर पडलेली बाई रस्ता ओलांडावा की नाही या विचारात तिथेच उभी राहते.

हे दवाखान्यापुरतं असतं तर चाललं असतं. पण सवय अशी हाडात मुरलेली, की त्यांच्या दारात उभं राहून, "साहेब आहेत का घरात?" असं विचारलं तर त्या म्हणतात, "असावेत." आणि साहेब मागे सोफ्यावर पेपर वाचताना मला स्पष्ट दिसत असतात. भाजीत मीठ कमी पडलंय का म्हणाल तर, "तसं म्हणता येईल." एकदा मी सरळच विचारलं, की बाई, तुला हा रोग लागला कुठून, कधी कुणाला ठामपणे सांगून तोंडघशी पडलीस का? थोडा वेळ विचार करून म्हणाली, "काही अंशी." पुढे मी नाद सोडला.

आता गंमत बघा, अशी बाई सून म्हणून पडली कुठल्या घरात, तर जिथे शंका नावाची वस्तू पिढ्यानपिढ्या कुणी पाहिलेलीच नाही. नवरा सोसायटीचा अध्यक्ष. त्याला आम्ही ठामराव म्हणतो. पाण्याची टाकी का गळते, शेजारच्या देशाचं काय चुकलं, माझ्या गुडघ्याला काय झालंय, सगळ्यावर त्याचं मत तयार असतं आणि शेवटी 'विषय संपला' असतं. विषय त्याच्याकडून सुरू होतो आणि त्याच्याकडेच संपतो, मधे इतरांना जागा नसते.

आणि त्याची थोरली बहीण म्हणजे आमच्या हेडबाई. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या म्हणजे शाळा सुटली, त्या सुटल्या नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक परदेशी, म्हणून भावाच्या वरच्याच मजल्यावर जागा घेऊन राहतात आणि दिवसभर गुण देतात. दूधवाल्याला, लिफ्टला, माझ्या पडद्यांना, समोरून जाणाऱ्या माणसाच्या चालण्याला. सगळं पाचपैकी. माझ्या चहाला एकदा साडेतीन मिळाले होते, तर मी आठवडाभर तरंगत होते. भावजयीच्या चहाला दोनच्या वर कधी मिळाले नाहीत.

या दोन ठाम माणसांच्या मधे बहुधाबाईंनी उभा संसार काढला. त्यांच्या वाक्याला दोन खोल्या असतात. पहिल्या खोलीत बरं काहीतरी, मग 'पण', मग दुसऱ्या खोलीत खरं काय ते. घरच्यांना हे इतकं पाठ झालंय, की ते पहिल्या खोलीतूनच परत फिरतात. ती 'पण' म्हणेस्तोवर ठामराव अंघोळीला गेलेले असतात.

तर झालं असं की हेडबाईंच्या छातीत उजव्या बाजूला एक गाठ लागली. चांगली ठसठशीत, आणि दुखायची. त्यांनी ती कुणाला सांगितली नाही, मला सांगितली. म्हणजे इमारतीला सांगायची त्यांची तयारी होती असं मी धरते. लेकीचं बाळंतपण आलं होतं, पुढच्याच आठवड्याचं विमानाचं तिकीट, चांगले सहा महिने तिकडे मुक्काम. त्याआधी हे एकदा निपटून टाकावं असा त्यांचा बेत.

"तू चल बरोबर," मला म्हणाल्या. "माझी पर्स धरायला."

"भावजयीकडेच जायचंय ना? मग लाजता कशाला?"

"लाजतंय कोण? तिच्यासमोर कपडे काढायचे म्हणजे उद्या चहाला दोन कशी देऊ?"

गेलो. बहुधाबाईंनी त्यांना आत घेतलं, झोपवलं. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स धरून. जेली अंगावर पडताच हेडबाई म्हणाल्या, "गार आहे. एक गुण कमी." भावजयीने यंत्र टेकवलं. यंत्र फिरवायला लागली की ती वेगळीच बाई होते, हे मी त्या दिवशी पाहिलं. मान स्थिर, मनगट हलकं, तोंड मिटलेलं. उजवी बाजू झाली. मला वाटलं, संपलं. तर तिने डावीकडे जेली ओतली.

"तिकडे काही नाहीये," हेडबाई म्हणाल्या. "दुखतंय इकडे."

"दोन्ही बाजू बघतात, वन्सं."

डावीकडे ती बराच वेळ थांबली. यंत्र उभं धरलं, आडवं धरलं, परत उभं. पडद्यावर कसल्याशा फुल्या मारून मोजमापं घेतली. मग पडद्यामागच्या मावशींना नेहमीच्या सुरात सांगायला लागली. मापं सांगितली, घड्याळाच्या काट्यासारख्या जागा सांगितल्या, आणि शेवटी, "उजवीकडे, श्रेणी दोन. डावीकडे, श्रेणी पाच."

ही श्रेणी म्हणजे काय ते मला नंतर कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. या लोकांनी जगभर एक पद्धत ठरवलेली आहे. चित्र बघून गाठीला आकडा द्यायचा. एक म्हणजे काहीच नाही. दोन म्हणजे आहे, पण निरुपद्रवी. तीन म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा बघू. चार म्हणजे संशय, तुकडा काढून तपासा. पाच म्हणजे जवळजवळ खात्रीच, कॅन्सर. आयुष्यभर बहुधा बहुधा करणाऱ्या बाईने आपल्या नणंदेच्या डाव्या बाजूला पाच दिले होते. त्या आकड्यात कुठेही 'तथापि' नव्हतं.

आणि नणंद काय म्हणाली? उठून बसली, पदर सावरला, प्रसन्न हसली आणि म्हणाली, "छान."

बहुधाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं ते. मला वाटलं, जेलीचा वास लागला असेल.

"वन्सं, उजवीकडे नुसतं पाणी आहे, त्याची काळजी नको. पण..."

"पाणी ना? झालं तर मग." हेडबाई चपला शोधायला लागल्या होत्या.

"रिपोर्टमध्ये सगळं लिहिलंय. तुम्ही वाचा. मग ठरवू कधी करायचं ते."

"हो, हो," म्हणत हेडबाईंनी लिफाफा पर्सच्या तळाशी कोंबला. निकाल स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर प्रगतिपुस्तक कोण उघडतं?

परत येताना रिक्षात त्या जरा विचारात होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "उजवीकडे दोनच दिले गं तिने. काठावर. ते पाणी जरा बघायला हवं, लेकीकडून आल्यावर. डावीकडे मात्र पैकीच्या पैकी. या वयात." आणि रिक्षाबाहेर बघून स्वतःशीच हसल्या. "मला वाटलं होतं, चहाचा राग काढेल. पण नाही, गुण द्यायला दानत लागते, ती आहे तिच्यात."

मी मान डोलावली. मला काय ठाऊक? मलाही वाटलं, पाच म्हणजे चांगलंच असणार.

दोन दिवस हेडबाईंनी ही बातमी मजल्यामजल्यावर पोचवली. लिफ्टमध्ये, गच्चीवर, भाजीवाल्याच्या गाडीशी. 'छाती' हा शब्द न वापरता डाव्या बाजूला पैकीच्या पैकी मिळालेत हे त्या कसं सांगत होत्या, ते ऐकण्यासारखं होतं. खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी तर त्यांचं हृदयाबद्दल अभिनंदन केलं. ठामरावही खूश. "आमच्या घराण्यात छातीचं काही नसतंच. विषय संपला."

तिसऱ्या दिवशी दुपारी बहुधाबाई माझ्याकडे आली. एरवी येत नाही. बसली, पाण्याचा पेला हातात धरून ठेवला.

"तुम्ही होतात तिथे, म्हणून बोलते," म्हणाली. "वन्संसारखी बाई मी पाहिली नाही. पाच ऐकून हसल्या. आणि आता घरोघर स्वतःहून सांगताहेत, लपवत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या बायका चार ऐकूनच कोसळतात. मला लाज वाटली स्वतःची. मी त्यांना इतकी वर्षं..."

"थांब. पाच ऐकून कोसळायचं कशाला?"

"पाच म्हणजे कॅन्सर असण्याची शक्यता खूपच..."

"काय म्हणालीस?"

तिने मला आकड्यांची ती सगळी पद्धत सांगितली, पहिल्या खोलीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत. मी मधे बोलले नाही, माझ्या आयुष्यातला तो विक्रम असेल. मग मी तिला सांगितलं, की तुझी नणंद धीराची वगैरे काही नाही. तिला वाटतंय ती पहिली आली.

बहुधाबाईंच्या हातातला पेला कलंडला. "मी तर त्यांना सांगितलं."

"तू मावशींना सांगितलंस."

"लिफाफा दिला."

"तो पर्सच्या तळाशी आहे. उघडला असता तरी काय, तुझं ते तथापि वाचून तिने शुद्धलेखन तपासलं असतं. किती घाई आहे या सगळ्याला?"

"गाठ लहान आहे. आत्ता काढली तर... म्हणजे चांगलं होण्याची..." ती थांबली. "सहा महिने नाही थांबायचं. अजिबात नाही."

"मग वर जा आणि असंच सांग. पहिल्या वाक्यात. तुझ्या घरात दुसऱ्या वाक्याला कोणी थांबत नाही."

"तुम्ही चला."

गेले. असा प्रसंग मी घरी बसून काढीन अशी माझी ख्याती नाही.

वर हेडबाईंच्या घरात पसारा पडलेला. ठामराव बॅगेवर बसलेले, कारण बॅगेची चेन लागत नव्हती आणि ती आपल्या वजनाने लागणारच याची त्यांना खात्री होती. हेडबाई बाळाची झबली दुमडत होत्या.

"आलीस? ते आल्याचं लोणचं..." हेडबाईंनी सुरुवात केली.

"वन्सं, तुम्ही जायचं नाही."

ठामराव बॅगेवरून म्हणाले, "तिकीट काढलंय. परत मिळत नाही. विषय..."

"तुम्ही गप्प बसा."

त्या घरात हे वाक्य आजवर बोललं गेलं नव्हतं. बॅगेची चेन मधेच अडकली ती अडकलीच. ठामराव माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच बोलले.

बहुधाबाई पलंगावर नणंदेच्या समोर बसली. हात तिने मांडीखाली दाबून धरले. "वन्सं, आमच्याकडे गुण उलटे असतात. दोन म्हणजे चांगलं. पाच म्हणजे कॅन्सर समजून चालायचं, सुई टोचून तुकडा तपासेपर्यंत. तुम्हाला डावीकडे पाच आहेत."

मी तिच्याकडे बघत होते. तिने पुढे काहीतरी जोडायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

हेडबाईंच्या हातात झबलं तसंच. मग त्यांनी ते नीट दुमडलं, बाजूला ठेवलं, आणि जे केलं ते नापास झालेल्या पोरीच्या आईने करावं तसं केलं.

"पेपर नीट तपासलास?"

"हो."

"घाईत होतीस त्या दिवशी. बाहेर बायका बसल्या होत्या."

"मी घाईत कधीच नसते, वन्सं."

हे मात्र खरं होतं. कुणी वाद घातला नाही.

"दुसऱ्या कुणाला दाखवलास?"

"माझ्या सरांना चित्रं पाठवली, नाव न सांगता. त्यांनीही पाच दिले."

"तुझेच सर. तुझ्याच बाजूने देणार." हेडबाईंचा आवाज चढला. "आणि दुखत कसं नाही मग? दुखतंय ते उजवीकडे."

"ते पाणी साठलंय, ताण पडतो म्हणून दुखतं. हे दुखत नाही. यातलं बहुतेक दुखत नाही सुरुवातीला, म्हणून तर बायका येत नाहीत."

"मला हाताला काही लागत नाही तिथे."

"लागणार नाही. वाटाण्याहून लहान आहे."

हेडबाईंनी पदराखाली हात नेला, आमच्यासमोर, भावासमोर, आणि चाचपून बघितलं. ठामरावांनी मान वळवली. हेडबाईंना काही सापडलं नाही. मग एकदम त्या भावजयीवर बरसल्या.

"आणि हे तू त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. पाच म्हणाले."

"माणसांच्या भाषेत, बये."

"तुम्ही हसलात. मला वाटलं, तुम्हाला कळलंय, तुम्ही धीर धरलाय."

"मी पास झाले म्हणून हसले, मूर्ख बाई." आणि हेडबाई रडायला लागल्या. आम्ही कुणीच त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवायचा हे कुणाला कळेना. शेवटी बहुधाबाईने तो त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. हेडबाईंनी तो झटकला, मग परत धरला.

थोड्या वेळाने नाक पुसत म्हणाल्या, "फेरतपासणी मागता येते का?"

"तीच करायचीय. उद्या. जागा बधिर करते, यंत्राने बघत बघत सुई गाठीत घालते, तुकडा काढते. तो तपासायला जातो. ते सांगतील ते शेवटचं."

"तू करणार?"

"मी."

हेडबाई तिच्याकडे बघत राहिल्या. एवढं मोठं उत्तर इतक्या थोडक्यात त्यांना या भावजयीकडून मिळालं नव्हतं. "ये उद्या मग," म्हणाल्या, जणू दवाखाना त्यांचा होता.

ठामरावांना एवढा वेळ गप्प बसणं झेपत नव्हतं. ते बॅगेवरून उठत म्हणाले, "माझं पहिल्यापासून म्हणणं होतं, की..." हेडबाईंनी वर्गात धरतात तसं एक बोट वर धरलं. ते परत बसले. आणि चेन लागली.

तुकडा काढला, तपासायला गेला, आणि निकाल भावजयीने दिला होता तोच आला. दरम्यान इमारतीत जिथे जिथे पैकीच्या पैकीची बातमी पोचली होती तिथे तिथे ती परत घ्यायला मला जावं लागलं. हे काम कुणी माझ्यावर टाकलं नव्हतं, पण योग्य माणसाने करायला हवंच होतं. खालच्या काकांनी हृदयाचं अभिनंदन मागे घेतलं नाही. म्हणाले, राहू दे, हृदय चांगलंच असेल.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी हेडबाईंनी भावजयीला वर बोलावून घेतलं. मीही होते, पर्स धरायला. त्यांना ते चित्र बघायचं होतं. बहुधाबाईने फोनवर काढून दाखवलं.

"हे काळं, गोल, आडवं पडलंय ना, ते तुमचं पाणी," ती म्हणाली. "कड कशी गुळगुळीत आहे बघा. साधी गाठ अशीच आडवी पसरते, शेजाऱ्यांना त्रास न देता. आणि ही. ही उभी आहे. रुंदीपेक्षा उंची जास्त. मधला पापुद्रा ओलांडून वर चाललीय. कडेला काटे आहेत, आणि मागे सगळी काळी सावली."

"दांडगी आहे," हेडबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तू दिवसभर हेच बघतेस?"

"दिवसभर बहुतेक साध्याच निघतात. मी त्यांच्यात ही शोधत बसते."

इतक्या वर्षांत त्या घरात कुणी तिला तिच्या कामाबद्दल विचारलं नव्हतं. ती बोलत राहिली. सुई कशी धरायची, श्वासाबरोबर गाठ कशी हलते, कधीकधी दोन चित्रं सारखी दिसतात आणि एक साधी निघते, एक नाही, आणि ते चित्रावरून कुणालाच सांगता येत नाही. ठामराव दारात येऊन उभे राहिले, ऐकलं, आणि मत न देता परत गेले. हेडबाईंनी फोन हातात धरून ठेवला होता. शेवटी म्हणाल्या, "उद्या सगळी निघेल?"

"गाठ निघेल. आणखी कुठे गेलीय का, ते मला माहीत नाही."

"बरं," म्हणाल्या. "तू थिएटरबाहेर थांब. तो नको, तो डॉक्टरांना शिकवेल."

ती थांबली. गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथीही काढून तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. पुढची औषधं, किरणं चालू आहेत. केस जरा विरळ झालेत, त्यावर रुमाल बांधून हेडबाई गच्चीवर फिरतात. लेकीचं बाळंतपण शेवटी जावयाच्या आईने केलं, आणि खरं सांगायचं तर कॅन्सरपेक्षा हेडबाईंना राग त्याचाच जास्त आहे.